अर्ध्या तासाची परवानगी

चष्म्याच्या दुकानाला दुपारी दोन तास सुट्टी असते. एरवी चष्मेवाला घरी येऊन जेवतो आणि तेवढ्यात एक डुलकी काढतो. त्या दिवशी मात्र तो फोन घेऊन टेबलापाशी बसला, कारण धाकटी यायची होती. धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची बहीण. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तीन महिने बिछाना सुटणार नव्हता. म्हातारीने नुसतं छताकडे बघत पडण्यापेक्षा ताईचा डबा तिला द्यावा, असं धाकटीच्या मनात आलं. डबा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा हेडसेट. तो बांधला की खोली नाहीशी होते आणि माणूस पडल्या जागेवरून डोंगरावर नाहीतर समुद्रात जाऊन पोहोचतो. चष्मेवाल्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी त्याला डबा म्हटलं आणि घरात तेच नाव राहिलं.

"गेम तेवढे तुम्हीच निवडून ठेवा, भाऊजी," धाकटी फोनवर म्हणाली होती. "तुम्हाला त्यातलं कळतं."

कळतं कसलं, कपाळ. आठ महिने बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्यासाठी गेम त्यानेच निवडले होते. आता तिला जाऊन चार महिने झाले होते आणि डबा तिच्या खोलीत कपाटात पडून होता.

या माणसाचा एक गुण सगळे सांगतात. डोळे तपासताना त्याच्याइतका सबुरीचा माणूस शोधून सापडायचा नाही. एक काच लावतो, दुसरी लावतो, विचारतो, "ही बरी की आधीची?" गिऱ्हाईक गोंधळलं तर न चिडता पुन्हा विचारतो. दिवसभर परक्या माणसांना तुम्हाला काय बरं वाटतं म्हणून विचारणारा हा गृहस्थ घरी आला की मात्र सगळं आपलं आपणच ठरवून मोकळा व्हायचा. वाईट मनाने नाही हो. काळजीनेच. पण काळजीच्या नावाखाली माणूस किती दांडगाई करतो, ते ज्याच्यावर होते त्यालाच माहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, चक्कर येईल, दिवसाला अर्ध्या तासाच्या वर डबा लावू देऊ नका. मोठ्या माणसाच्या अकाउंटला वेळेचं कुलूप नीट घालता येत नव्हतं. लहान मुलांच्या घालता येत होतं. म्हणून याने काय केलं, बायकोचं जन्मसाल खोटं टाकलं आणि तिला बारा वर्षांची करून टाकली. पालक म्हणून स्वतःचं नाव घातलं.

"बारा वर्षांची?" ती उशीवरून म्हणाली होती. "मग आपलं लग्न बेकायदा झालं की हो."

दोघं पोट दुखेस्तोवर हसली होती. पण त्यात एक मेख होती. बारा वर्षांच्या मुलीला स्वतःहून कुठलाही गेम घेता येत नाही. ती हवा त्याच्यावर बोट ठेवणार, मग पालकाच्या फोनवर विनंती जाणार, आणि पालक हो म्हणेल तर गेम उघडणार. याने तिला तीन गेम घेऊन दिले. एकात नजरेने चेंडूचा पाठलाग करायचा, डोळ्यांना व्यायाम. एकात श्वास मोजायचे. एकात रंगीत ठोकळे बसवायचे, मेंदू तल्लख राहतो म्हणे. तिन्ही तब्येतीला उत्तम आणि तिन्ही रटाळ. तिने एकदाच तोंडाने विचारलं होतं, "अहो, होडीचा एक आहे ना त्यात? दोघांनी बसायचा?"

"बघू," तो म्हणाला होता.

आणि आता सासूबाईंसाठी गेम निवडायला म्हणून त्याने फोनवर डब्याचं ॲप उघडलं, तर बायकोच्या नावापुढे लाल ठिपका होता. अकरा विनंत्या. उत्तराची वाट पाहत आहे.

त्याने एकेक वाचली. डोंगरातली पायवाट. बाग लावायचा गेम. पाण्याखालचे मासे. नाचाचा एक होता, आणि तिचे पाय तर कमरेपासून गेले होते. होडीचा पाच वेळा मागितला होता, वेगवेगळ्या महिन्यांत. शेवटची विनंती ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची होती.

दारावरची घंटा वाजली. धाकटी आत आली, पिशवी ठेवली आणि त्याच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली.

"हे ताईने मागितले होते?"

"मला दिसलेच नाहीत गं," तो म्हणाला. "दुकानात फोन गप्प करून ठेवतो. आलेलं कळतच नाही."

असं म्हणताना त्याने अंगठा फोनच्या काचेवर ठेवला होता. अंगठ्याखाली प्रत्येक विनंतीपुढे एक बारीक करडा शब्द होता. 'पाहिली.' त्यापुढे तारीख आणि वेळ. दिसल्या होत्या त्याला. अकराच्या अकरा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बॅटरी मारता मारता फोन थरथरायचा, तो बघायचा, आणि अंगठ्याने बाजूला सारायचा. संध्याकाळी निवांत बघू. संध्याकाळ रोज यायची, तो दमून यायचा, ती काही विचारायची नाही, आणि तोही विषय काढायचा नाही.

"ताई म्हणायची," धाकटी म्हणाली, "ते विचार करून ठरवतील. माझ्या भल्याचंच बघत असतील."

धाकटी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. हा तिथेच बसला, आणि मग एकेका विनंतीवर बोट ठेवून हो, हो, हो म्हणत गेला. गेलेल्या माणसाला आता डोंगर काय आणि बाग काय. पण हात थांबेना. अकरावी मंजूर झाली, लाल ठिपका गेला, आणि त्याला मिनिटभर बरं वाटलं.

मग फोन थरथरला.

बारावी विनंती. या वेळी गेमची नव्हती. 'आणखी वेळ हवा आहे.'

"जुने निरोप अडकलेले असतात," धाकटी आतून म्हणाली. त्याने विचारलं म्हणून. "नेट आलं की येतात धाडधाड. माझाच नाही का, परवा दिवाणखान्यातून पाठवलेला निरोप आमच्या यांना दुसऱ्या दिवशी मिळाला."

पटण्यासारखं होतं. त्याने पटवूनही घेतलं. अर्धा तास मंजूर केला आणि डबा आणायला बायकोच्या खोलीकडे निघाला.

दुपारची वेळ. खाली रस्त्यावर सगळं चिडीचूप. खोलीचे पडदे ओढलेले होते, पण बाहेर लख्ख ऊन असल्याने आत पिवळट अंधार होता. गादी गुंडाळून ठेवलेली. खोली महिनोन् महिने बंद असताना यायला हवा तो कोंदट वास नव्हता. तिच्या पाठीला चोळायच्या मलमाचा वास येत होता, आत्ताच कोणी बाटली उघडल्यासारखा. आणि कपाटातून आवाज... बारीक, एकसुरी. डब्याच्या आत एक इवलासा पंखा असतो. डबा तापला की तो फिरतो.

चार महिने त्याला चार्जिंगची वायर लावलेली नव्हती.

त्याने कपाट उघडलं. डबा हातात घेतला. कपाळाला टेकते ती गादी कोमट होती. शहाणा माणूस असता तर तिथल्या तिथे धाकटीला हाक मारून मोकळा झाला असता. पण त्याला भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. ती आत बसली आहे, आणि आपण पुन्हा उशीर करतोय, असं. त्याने डबा डोळ्यांवर बांधला.

पाणी होतं. चहूकडे सपाट, राखाडी पाणी, आणि संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. तो होडीत बसला होता. समोरच्या फळीवर कोणी नव्हतं, म्हणजे अंग नव्हतं. या गेममध्ये दुसऱ्या माणसाचे फक्त हात दिसतात, मनगटापर्यंत. समोर तसे दोन हात होते. उजवा वल्ह्यावर होता. डावा मांडीच्या जागी पडला होता आणि त्याचा अंगठा तर्जनीवर सावकाश फिरत होता. मनात असलेलं बोलायचं नसलं की ती असं करायची. तीस वर्षं तो ते बघत आला होता.

"अगं..." तो म्हणाला.

उजव्या हाताने वल्हं मारलं. पाणी डुचमळलं.

"मला दिसल्याच नाहीत गं. दुकानात फोन..."

वल्हं थांबलं. होडी जागच्या जागी राहिली. अंगठा तेवढा फिरत होता, आधीपेक्षा जोरात. कुठे पाखराचा आवाज नाही, वाऱ्याचा नाही. त्याला स्वतःचा श्वास डब्याच्या आत ऐकू येत होता. त्या श्वासाच्या मागे आणखी एक होता... खोल, दमल्यासारखा. तिला शेवटी शेवटी तसा लागायचा.

दुकानात तो गिऱ्हाइकाला खोटं बोलत नाही. नंबर वाढला असेल तर वाढला म्हणून सांगतो. इथे मात्र तेच खोटं त्याने दुसऱ्यांदा सांगितलं होतं.

"पाहिल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "सगळ्या पाहिल्या. होडीच्या पाचही. प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या बसू. तुझ्यासोबत बसलो असतो तर... तू पडून आहेस हे मला अर्धा तास नीट बघावं लागलं असतं. तेवढी छाती नव्हती माझी. म्हणून तुला ठोकळे दिले."

अंगठा थांबला. तो हात उघडा झाला, तळवा वर. मग त्या हाताने दुसरं वल्हं उचललं आणि त्याच्याकडे सरकवलं.

त्याने ते घेतलं. दोघांनी वल्हवलं. तो रडत होता. डब्याच्या काचा धुकटल्या, आणि डबा काढून त्या पुसायचं धैर्य त्याला होईना. होडी संथपणे चालली होती. पलीकडे किनाऱ्यासारखी एक काळी रेघ दिसायला लागली होती, आणि तिथे जायचंच आहे असं त्याला वाटलं, का ते सांगता येणार नाही. एवढ्यात डोळ्यांसमोर अक्षरं आली, वर त्याचंच नाव.

'तुमचा आजचा अर्धा तास संपला. पालकांना विनंती पाठवायची?'

त्याच्या स्वतःच्या अकाउंटला कधीच वेळेचं कुलूप नव्हतं. ते घालायला दुसरं होतं कोण घरात. त्याने घाईघाईने हो वर बोट ठेवलं. 'पाठवली आहे. उत्तराची वाट पाहत आहे.' समोरच्या हातांनी वल्हं आडवं ठेवलं, मग ते एकमेकांत गुंतले, आणि सगळं काळं झालं.

"भाऊजी..."

धाकटी दारात उभी होती. हातातला चहा निवून त्यावर साय धरली होती. दुसऱ्या हातात त्याचा फोन होता.

"तीनदा हाक मारली मी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही आत कुणाशी... हा फोन वाजत होता. हे तुम्ही केलंत का?"

त्याने बघितलं. ॲपमध्ये कुटुंबाचं पान उघडं होतं. सगळ्यात वर त्याच्या बायकोचं नाव होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, पालक. खाली त्याचं नाव. वय वर्षं बारा. एक विनंती.

"मी नाही केलं," तो म्हणाला. या वेळी खरं बोलत होता, आणि धाकटीला ते कळलं असावं. तिने चहा दाराशीच खाली ठेवला. खोलीत ती एक पाऊलही आत आली नाही.

"डबा राहू दे," ती म्हणाली. "सासूबाईंना मी काहीतरी वाचून दाखवीन."

पिशवी उचलून ती गेली. त्यानंतर तिचा फोन येतो, तब्येत विचारते, पण त्या घरात तिने पाय ठेवलेला नाही.

चष्मेवाला आता दुपारी दोन तास बायकोच्या खोलीत बसतो. डबा बांधला की काळोखात 'उत्तराची वाट पाहत आहे' एवढी एक ओळ दिसते, आणि काही होत नाही. ॲप बनवणाऱ्यांना त्याने फोन करून पाहिला. तिकडची मुलगी फार सौजन्याने बोलली. म्हणाली, "काका, पालकांनी हो म्हटल्याशिवाय आमच्या हातात काही नाही. त्यांनाच विचारा ना." त्याने बरं म्हणून फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात त्याच्या विनंतीखाली एक बारीक करडा शब्द आला. पाहिली. तारीख त्याच दिवशीची, वेळ दुपारची. तेव्हापासून ती तारीख रोज बदलते. रोज पाहिली जाते. उत्तर नाही.

शेजारच्या दुकानदाराने परवा विचारलं, तासन् तास फोनकडे काय बघत बसता. चष्मेवाल्याने फोन पालथा ठेवला नाही. काच रुमालाने पुसली आणि पुन्हा समोर धरली.

"बायकोला एक विचारलंय," तो म्हणाला. "देईल उत्तर. कामात असेल."