शेजाऱ्याची हरकत

भिंतीवरून उडालेली कोंबडी जाऊन जाऊन बसली कुठे, तर शेजारच्या पाववाल्याच्या खिडकीत! हातातलं शिवण टाकून ती धावली. हा नवा शेजारी रात्रभर भट्टीपाशी राबायचा आणि दिवसा झोपायचा. त्यात आजच नगरपालिकेचे साहेब खुराडं तपासायला यायचे होते. नियमच होता तसा. खुराडं भिंतीला इतकं लागून असेल, तर शेजाऱ्यानं हरकत घेतली की कोंबड्या गेल्याच म्हणून समजा.

कोंबड्या आईच्या. आई गेल्यापासून बाबा माणसांशी बोलेनासे झाले होते. बोलायचे ते फक्त कोंबड्यांशी. त्याही गेल्या तर... तिनं शेजारची कडी वाजवली.

दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, काखेत कोंबडी.

"ही तुमची?"

"हो... झोपमोड झाली ना तुमची?"

"झाली खरी. पण अशी गोड माणसं दारात येणार असतील, तर—" तो अडखळला. "म्हणजे, कोंबडी म्हणतोय मी."

त्याच्या भुवईला पीठ लागलं होतं. तिनं घाईघाईनं नजर कोंबडीकडे वळवली.

तेवढ्यात साहेब हजर. "काय हो, या कोंबड्यांबद्दल तुमची काही हरकत?"

"आहे ना," तो म्हणाला. साहेबांनी वही उघडली. "भिंत फार उंच आहे. बिचाऱ्यांना रोज येणं जमत नाही."

साहेब हसत निघून गेले, आणि खुराडं जागच्या जागी राहिलं. तिला तिथंच रडू फुटलं.

मग काय, रोज वाटीभर अंडी भिंतीपलीकडे जाऊ लागली. एक दिवस मात्र त्यानं वाटी घेतलीच नाही.

"उद्यापासून नको आणू."

"का?"

"एवढ्याशा गोष्टीचे किती आभार मानशील? तू आभार मानायला येतेस, आणि मी खुळ्यासारखा झोप सोडून वाट बघत बसतो... बरं नव्हे ते."

ती हळूच म्हणाली, "आभार तर जन्मभर मानीन. काल बाबांनी मला हाक मारून चहा मागितला, ठाऊक आहे? तुझ्यामुळेच. पण अंडी तेच पाठवतात. मी स्वतः देऊन येतो म्हणून रोज मागे लागतात..."

"मग?"

"मीच जाऊ देत नाही त्यांना."

त्यानं वाटी घेतली. तिची बोटं मात्र सोडली नाहीत.