शेवटच्या बाकावरचे सर

प्रयोगशाळेमागच्या खोलीत ती रडायला गेली… आणि तिथे आधीच कुणीतरी गुळण्या करत उभं होतं!

"रडा, रडा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझं झालंच."

तो भाषेचा सर. ती गणिताची बाई, नोकरीचं दुसरंच वर्ष, आणि सातवीच्या वर्गाने तिला रडकुंडीला आणलेलं. ती फळ्याकडे वळली की मागे खसखस पिकायची. आज तर उदाहरणच चुकलं होतं. हे आपलं काम नव्हे, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

सगळं ऐकून तो हसला. "माझा आवाज बसलाय, तुमचा निघत नाही. दोघांत मिळून एक मास्तर सहज होईल!"

मग तो तिच्या तासाला शेवटच्या बाकावर बसू लागला, ती त्याच्या. बुधवारी शाळा सुटली की दोघं पुढचे तास एकत्र आखत. वर्गात शिरताना त्याचेही हात थरथरतात, बारा वर्षांनंतरही, हे तिला तेव्हा कळलं… आणि तिथेच ती विरघळली.

"उत्तर लगेच देऊन टाकता तुम्ही. विचारून जरा थांबा."

"आणि कुणीच बोललं नाही तर?"

"तर माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघितलं की मीच विसरते सगळं…" ती बोलून गेली. कानशिलं तापली.

वर्ग तिचं ऐकू लागला. त्याचा आवाज मात्र खोल खोल जात राहिला. अखेर डॉक्टरांनी निक्षून सांगितलं — घशाची शस्त्रक्रिया; आवाज परत येईलच असं नाही; शिकवणं बंद.

शेवटच्या दिवशी, कायमचं गावी परतण्याआधी, तो शिक्षकांच्या खोलीत आपलं कपाट आवरत होता.

"मलाही न्या सोबत," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही.

"मुक्या माणसाशी काय बोलाल?" तो कुजबुजला. "दोन वर्षांत कंटाळाल. मला ते बघवायचं नाही. प्रेम आहे हो माझं… म्हणूनच नको."

"हे तुम्ही एकट्यानेच ठरवलंत? आपण तर सगळं मिळून ठरवायचो ना…"

तो बोलायला गेला. शब्द उमटलाच नाही. एवढ्यात घंटा झाली — तिचा सातवीवर तास.

"थांबाल?"

त्याने मान हलवली. हो की नाही, तिला कळलं नाही.

तास सुरेख झाला. तिने प्रश्न विचारले, थांबली. हात भराभर वर झाले. एवढं चांगलं तिने कधीच शिकवलं नव्हतं. घंटा होताच ती धावत आली…

कपाट उघडं होतं. आत काहीच नव्हतं.