रिकाम्या प्लेअरमधला ठोका

महाडच्या एसटी स्टँडमागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, टेप, मिक्सर. बंद पडलेली वस्तू आपोआप चालू झाली, असं सांगत गिऱ्हाईक आलं की मी आधी सुटलेली जोडणी शोधतो. बहुतेक वेळा ती सापडते.

२००१ साली माझा दोस्त मुश्ताक याच्या थोरल्या भावाने कुवेतहून दोन सीडी प्लेअर, एक डीजे मिक्सर आणि ट्रान्सच्या, म्हणजे नुसत्या ठोक्यावर चालणाऱ्या परदेशी संगीताच्या, सीड्यांचा गठ्ठा आणला. मुश्ताकला कान होता, मला वायरी कळत होत्या. 'मुश्ताक-श्रीपत' अशी पाटी मीच रंगवली. पहिली हळद वाजवली ती कापडे गावात. नवरदेवाची आजी गोदूबाई अर्धा तास ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "बाबांनो, ह्यात गाना कवा सुरू व्हायचा?"

"ह्योच गाना, आजी," मुश्ताक म्हणाला. "पायांना इचार."

थोड्या वेळाने म्हातारी पदर खोचून नाचत होती.

वरातीत टेम्पो खड्ड्यात गेला की बाकीच्या डीजेवाल्यांची सीडी अडकायची. मुश्ताकने आमचे प्लेअर हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबवर ठेवले. वरंधच्या रस्त्यावरसुद्धा आमचा ठोका चुकला नाही. दोन वर्षांत पोलादपूरपर्यंतची माणसं आधी आम्हाला विचारून मग मुहूर्त धरू लागली.

तो एका प्लेअरवर गाणं वाजवायचा आणि दुसऱ्यावरचं पुढचं गाणं हेडफोनमध्ये एकटाच ऐकून त्याचा वेग जुळवायचा. जुळलं की मिक्सरवरची त्या गाण्याच्या आवाजाची पट्टी वर. गाणं कधी बदललं ते नाचणाऱ्यांना कळायचंही नाही. मला ते कधीच जमलं नाही. आणखी एक, मांडवाजवळ तो चपला काढायचा. "तुमचा देवकार्य हाय," म्हणायचा. मी मात्र चपला घालूनच फिरायचो.

२००३च्या मे महिन्यात वरंधच्या पुढे एका वाडीवर हळद होती. जमीन म्हणजे नुसता कातळ. अर्थिंगची सळई चार बोटं आत गेली आणि पुढे जाईना. माणसं खोळंबलेली. मी हातोडा खाली ठेवला. धूळ बसावी म्हणून बायकांनी अंगणात नुकतंच पाणी मारलं होतं. मुश्ताक चपला काढून ओल्यात उभा राहिला आणि त्याने मिक्सरला हात लावला.

वायर झिजली होती म्हणून शॉक लागला, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या आईलाही.

त्याचा चाळिसावा झाल्यावर मी त्याच्या आईकडे, हफिजाचाचीकडे गेलो. धंदा बंद करतो म्हणालो. ती म्हणाली, "वाजव. त्याचा नाव पाटीवरना काढू नको."

कापडे गावातल्या पुढच्या हळदीला मी एकटाच उभा राहिलो. डावीकडचं गाणं संपत आलं होतं, पुढचं जुळत नव्हतं. चिडून मी उजव्या प्लेअरमधली सीडी काढली. हेडफोन कानालाच होता.

त्यात गाणं आलं. अगदी जुळलेलं.

डावीकडचा आवाज इकडे झिरपत असेल, असं मला वाटलं. पण चाल वेगळी होती. मी जोडण्या तपासल्या, मिक्सर ठोकून पाहिला. मग पट्टी वर केली. लोक नाचतच राहिले.

असं तीन वर्षं चाललं. आमचं नाव पूर्वीपेक्षा वाढलं. "श्रीपतला मुश्ताकचा हात आला," लोक म्हणायचे. स्पीकरच्या आड डोळे पुसून मी पट्टी वर करायचो. मला त्याची फार आठवण यायची, आणि तो तिथेच होता.

२००६च्या एका दुपारी पोलादपूरला हेडफोनमध्ये गाणं आलंच नाही.

त्यात हातोडा कातळावर आपटत होता. ठण. ठण. मग थांबला.

"श्रीपत, अर्थिंग टाकलास ना रे?"

"टाकलंय," माझाच आवाज म्हणाला. "लाव हात."

हेडफोनमध्ये येतं ते पुढे सगळ्यांना ऐकू जाणार असतं. मी सगळ्या वायरी उपटल्या आणि तसाच महाडला आलो.

चाची एकटीच होती. कोपऱ्यात मुश्ताकचा जुना स्पीकर होता, वर धुतलेलं कापड टाकलेलं. त्याची वायर मीच कधीतरी कापून नेली होती.

"चाची, मला सांगायचंय..."

"अर्थिंगचा?"

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तीन वर्सा आयकतंय. दुपारची नमाज झाली की ह्यातना बोलता तुमी दोघा. तो इचारतो, तू टाकलंय म्हनतोस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू येशील म्हनून." तिने ओढणी सावरली. "आज तुजा आवाज नाय आला. तो एकटाच इचारतोय. दे त्याला जवाब."

मी स्पीकरसमोर बसलो.

"नाही टाकलं, मुश्ताक," मी म्हणालो. "सळई जात नव्हती. मी खोटं बोललो."

मी कान लावला. काहीच नाही. पुन्हा लावला.

चाचीचे डोळे भरून आले. "आयकलास?"

"नाही."

तिने माझा हात धरून कापडावर ठेवला. खोलीत कसलाही आवाज नव्हता. हाताखाली स्पीकरचा कागदी पडदा हुंदके देत होता.