कर्नल मी बांधणार होते

बंगळूरच्या शिवाजीनगरात शिवाप्पा अण्णांचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. वरच्या खोलीत दर रविवारी आम्ही पाच-सहा हौशी लोक जमतो. एका रविवारी शार्दूल माझ्या शेजारी येऊन बसला — दुसरा प्लग मोकळा नव्हता म्हणून.

"शून्यापासून लिनक्स बांधून राहिली?" माझ्या स्क्रीनकडे बघत तो म्हणाला. "काऊन? कोणी शिक्षा दिली?"

मी चिडले. पण तो हसला, आणि चिडणं नीट जमेना...

शार्दूल नागपूरचा, राहायला के. आर. पुरमला. मी अहल्या, इथेच चामराजपेटेत वाढलेली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. दर रविवारी भांडण ठरलेलं.

"आर्च लिनक्स घे ना. तयार भाग येतात, आपण फक्त जोडायचे."

"मग त्यात आपलं काय?"

"निवड! नाहीतर माझं जेंटू घे. सगळं आपल्याच मशीनवर कंपाइल होते, अन् कशाला काय लागते ते तेच शोधते."

"माझ्या लिनक्समध्ये तेही मीच शोधते."

"म्हणून तर दीड महिना झाला, मॅडम!"

त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलेलं असायचं. दोघंही हलवायचो नाही.

माझं फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, राहिलं होतं. चार वेळा बांधलं, चारही वेळा तेच — डिस्क सापडत नाही. कुठला पर्याय बदलला, काय झालं, याचा तक्ता मी वहीत केला होता. दोनच शक्यता उरल्या होत्या. मी खाली डोसा खायला गेले, आमच्यातल्याच गिरीराजने गप्पांत तासभर अडकवलं. परत आले, तर मशीन नीट सुरू होऊन स्क्रीनवर लॉगिन मागत होतं.

"सरप्राइज!" शार्दूल म्हणाला. "डिस्कचा ड्रायव्हर तू वेगळा ठेवला होता. मी कर्नलच्या आतच टाकला."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"अगं, तू इतकी त्रासली होती—"

"त्रास माझा होता! घरी अप्पा मला फ्यूज बदलू देत नाहीत. लॅबमध्ये सर हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घ्यायचे. प्रेमानेच हं! सगळे प्रेमानेच घेतात. ही एक गोष्ट पूर्ण माझी होणार होती, शार्दूल."

"पुसून टाकतो. तू पुन्हा कर."

"उत्तर कळलं आता मला! ते कसं पुसशील?"

त्याने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. मी लॅपटॉप बंद केला आणि निघून आले. बसमध्ये वाईट याचं वाटत होतं, की हाही त्यांच्यातलाच निघाला.

तीन रविवार मी त्याच्याशी बोलले नाही. अण्णांकडून वेगळंच, आणखी जुनं मशीन घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो दोन खुर्च्या सोडून बसायचा.

चौथ्या रविवारी मी अडकले. मान वर केली, तर तो माझ्या स्क्रीनकडे बघत होता. ओठ गच्च मिटलेले, दोन्ही हात मांडीखाली.

"दिसली ना तुला चूक?"

"हो."

"सांगायची नाही."

"नाही सांगत."

दीड तास गेला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो बोलला नाही.

"अहल्या... दुसरं काही सांगू? त्या चुकीबद्दल नाही."

"काय?"

"तू आवडते मला."

"ते कळलंय. स्वल्प गप्प बस आता. माझा राग अजून गेलेला नाही."

"राहू दे राग. मी बसतो."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि चूक शोधत राहिले.