झगा ओढणारी ताई

बॅरिस्टरांच्या पांढऱ्या गळपट्टीवर पावडर होती... साधी पावडर असती तर ताईनं ती झटकून टाकली असती. पण ही गुलाबी झाक असलेली, दाट, सुवासिक, चक्क बायकी पावडर होती आणि तिच्या शेजारी लालीचा एक पुसट डाग होता. ताईच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. ज्या भावासाठी तिनं उभ्या आयुष्यावर पाणी सोडलं, त्या भावाची गळपट्टी आज अशी दिवे लावून आली होती!

"वन्सं, मागच्या आठवड्यातही होती," दारात उभी राहून भावजय म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नकोस. आज जेवताना बघते त्याच्याकडे."

ताईनं 'बघते' म्हटलं की बघितलंच समजा. भावाच्या वकिलीचा सगळा कारभार तीच सांभाळत होती. अशिलांच्या वेळा, कागदपत्रं, तारखा सगळं तिच्या तोंडपाठ. कोर्टात ती भावाच्या मागच्या बाकावर बसायची, आणि भलेभले साक्षीदार कसे सोलले जातात हे तिनं इतकं पाहिलं होतं की स्वतःच्या घरात तिला वेगळ्या वकिलाची गरज नव्हती.

"कोर्ट सुटल्यावर कुठं जातोस?" पहिल्या घासालाच तिनं विचारलं.

"मी? कुठं नाही... म्हणजे, इथंच."

"इथंच म्हणजे कुठं? आणि तिथं पावडर कोण लावतं?"

ज्यांच्या आवाजानं कोर्टाच्या खिडक्या थरथरायच्या, त्या बॅरिस्टरांचं तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा पाण्याच्या पेल्याकडं पाहिलं, आणि मग एका दमात सांगून टाकलं, "ताई, मला टीव्हीवर घेतलंय. रविवारी कायद्याचा कार्यक्रम आणि रोज सकाळी रेडिओवर मुलाखती. सध्या कोर्ट सुटल्यावर कॅमेऱ्यापुढं तालीम चालते, पावडर मलाच लावतात. वकिली सोडतोय मी."

भावजयीचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याला न मागताच आणखी वाढलं. ताईनं मात्र ताट बाजूला सारलं.

"बाई असती तरी मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली.

"अगं, खूश हो की. तुला रेडिओवाल्यांनी नापास केलं होतं ना? मला पहिल्या फटक्यात पास केलं. घराण्याची अब्रू राखली बघ मी!" बॅरिस्टर हसले. ही थट्टा ते लहानपणापासून करत आले होते, आणि ताई दर वेळी त्यांच्याबरोबर हसत आली होती. आज तिला हसू आलं नाही.

कारण ताई नापास झालीच नव्हती. ऐन तरुणपणी तिनं आवाजाची परीक्षा दिली, ती पास झाली, निवेदिका म्हणून तिची निवड झाली... आणि त्याच आठवड्यात वडील गेले. आई तर आधीच गेलेली. रेडिओवरचं काम आज असे, उद्या नसे. पदरात धाकटा भाऊ, आणि तो तर आतापासूनच शेजारच्या मांजराचे खटले लढवणारा! ताईनं रेडिओवाल्यांना हात जोडून नाही म्हटलं आणि एका वकिलाकडं पगारी नोकरी धरली. भावाला सांगितलं, माझा आवाज त्यांना पसंत पडला नाही. तो बॅरिस्टर झाला तेव्हा तिला वाटलं, चला, गमावलं ते सार्थकी लागलं. आणि आता हा पठ्ठ्या तिनं घडवलेली वकिली फेकून, तिनं गिळलेलंच स्वप्न हौस म्हणून घेऊन बसला होता. त्या मानिनीनं अशिलांना दुसऱ्या वकिलांच्या हवाली केलं, ऑफिसला कुलूप लावलं आणि घरातला रेडिओ उचलून माळ्यावर टाकला.

इकडं रेडिओवर बॅरिस्टरांनी दाणादाण उडवली. समोर पाहुणा बसला की त्यांना तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच दिसे. गुलाबांचं बक्षीस मिळवलेले एक सज्जन म्हातारे आले, तर यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "त्या वर्षी दुसरा स्पर्धकच नव्हता, खरं की खोटं?" म्हातारे डोळे पुसत घरी गेले. एका गायिकेला यांनी सांगितलं, "गाणं सुचलं कसं ते नको. सुचलं का, हो की नाही?" उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही हा वकिलीचा धडा त्यांनी जन्मभर पाळला होता, त्यामुळं उत्तरंही तेच देत आणि पाहुणा नुसता मान डोलावे. कार्यक्रमाच्या निर्मात्यानं कपाळाला हात लावला.

"वन्सं, आता त्यांना काढून टाकणार आहेत," भावजय काकुळतीला आली. "निर्माते विचारत होते, कोर्टात यांना कोण आवरायचं?"

ताईला सगळं कळत होतं. भाऊ साक्षीदारावर फार तुटून पडला की मागच्या बाकावरून ती त्याचा काळा झगा ओढायची. झगा ओढला गेला की बॅरिस्टर थांबत. न्यायाधीशांनासुद्धा ते ठाऊक होतं आणि तेही मनातून ताईचे आभार मानत. पण त्या स्टुडिओत पाऊल टाकायचं... ज्या दारातून ती एकदा परत फिरली होती, त्याच दारातून! रात्रभर तिनं उशी भिजवली, आणि सकाळी वेणीफणी करून निघाली. भाऊ म्हटल्यावर इलाज नसतो.

स्टुडिओत बॅरिस्टरांच्या मागं तिला एक स्टूल दिलं. लाल दिवा लागला. त्या दिवशीची पाहुणी एक शाळामास्तरीण होती, मुलांची नाटकं बसवणारी.

"तुमच्या नाटकातला राजा गेल्या वर्षी संवाद विसरला," बॅरिस्टर कडाडले. "जबाबदार कोण?"

"अहो, तो सात वर्षांचा..."

"वय विचारलं नाही मी. जबाबदार कोण?"

बाईंनी पर्स छातीशी धरली. ताईनं कोटाचं टोक धरलं आणि ओढलं.

झालं! कोर्टात झगा ओढला गेला म्हणजे भाषण आवरतं घ्यायचं, हे बॅरिस्टरांच्या हाडीमाशी भिनलेलं. ते ताडकन उठले, म्हणाले, "माय लॉर्ड, मला एवढंच सांगायचं होतं," आणि खाली बसले. सुटका झाली असं समजून मास्तरीणबाई पर्स उचलून दाराबाहेर झाल्या. कार्यक्रम संपायला अजून अर्धा तास होता. काचेपलीकडं निर्माता दोन्ही हातांनी हवेत खुणा करत होता, बोला, काहीही बोला!

बॅरिस्टरांनी इकडंतिकडं पाहिलं. खोलीत ताईशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी तिचं स्टूल माइकपाशी ओढलं. उत्तर माहीत असलेला आणि श्रोत्यांना हसवणारा एक प्रश्न त्यांच्याकडं तयार होता.

"श्रोतेहो, या माझ्या थोरल्या भगिनी. ताई, रेडिओनं तुम्हाला का नाकारलं? खरं सांगा, सगळं सांगा, आणि खऱ्याखेरीज काही सांगू नका."

सवयीनं बोलून गेले बिचारे. पण हयात कोर्टात घालवलेल्या ताईच्या कानावर शपथेचे शब्द पडले, आणि शपथेवर खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं.

"नाकारलं नव्हतं, टिल्लू," ती हळू म्हणाली. "मीच गेले नाही."

साडेसहा फुटी टिल्लूनं उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न जन्मात पहिल्यांदा विचारला.

"का?"

"बाबा गेले होते. तुला शिकवायचं होतं. इथलं काम कधी असायचं, कधी नसायचं."

"मग मला नापास झाले असं का सांगितलंस? मी इतकी वर्षं तुला... ताई, मी सगळ्यांसमोर हसायचो ग..."

"खरं सांगितलं असतं तर तू शिकलाच नसतास. फार हट्टी होतास. अजून आहेस."

"माझं चुकलं, ताई," एवढं कसंबसं बोलून बॅरिस्टर टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडू लागले. त्यांचा हुंदका गावभर घराघरांतल्या रेडिओतून ऐकू गेला. ताईचेही डोळे भरून आले. वाया गेलं असं वाटलेलं सगळं या एका हुंदक्यात तिला भरून पावलं. तिनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या हातानं माइक आपल्याकडं ओढला.

"श्रोतेहो, आमच्या निवेदकांचा घसा बसला आहे," ती म्हणाली. "तोवर आजचं हवामान ऐका."

समोरचा कागद घेऊन तिनं हवामान वाचलं, मग रस्त्यांची माहिती, मग हरवलेल्या एका कुत्र्याचं वर्णन. तो आवाज इतका संथ आणि मायाळू होता की काचेपलीकडं निर्मात्याचे हात आपोआप खाली आले, आणि फोनचे दिवे एकामागून एक लागू लागले.

"आता तुम्ही बोला," ताई श्रोत्यांना म्हणाली. "उत्तर पुरं होईपर्यंत इथं कुणी मधे बोलणार नाही."

बॅरिस्टरांनी डोळे पुसले. ते गुपचूप उठले, आपली खुर्ची ताईला दिली आणि तिच्या मागं स्टुलावर जाऊन बसले.