बारीक वायर

जीपला नवा अल्टरनेटर बसवायचं काम तसं तासाभराचं. दोन बोल्ट, एक पट्टा, बॅटरीकडे जाणारी जाड वायर आणि डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याकडे जाणारी बारीक वायर. धाकट्याने असे शेकड्याने बसवले होते. पण आज ड्रायव्हरच्या सीटवर त्याचा सख्खा भाऊ बसला होता, आणि दोन वर्षांत दोघांत धड एक शब्द झाला नव्हता.

"तुझं पाप तूच निस्तर," दादा म्हणाला. "आणि बारीक वायर जोड या वेळी. की अजून कुणाला मारायचंय?"

धाकट्याने पाना उचलला. आधीचा अल्टरनेटरही त्यानेच बसवला होता. महिनाभरातच घाटात जीपचे दिवे विझले आणि बाबा दरीत गेले. दादाने तेव्हाच ठरवून टाकलं: हा बारीक वायर विसरला, म्हणून चार्जिंग झालं नाही, आणि धोक्याचा लाल दिवाही लागला नाही. दरीतून वर काढलेल्या या जीपला त्याने आजवर धाकट्याला हात लावू दिला नव्हता. आईने धाकट्याला घराचा उंबरा बंद केला.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपार तापली होती. धाकट्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला सोडली. अल्टरनेटर बसवला, पट्टा ताणला, जाड वायर आवळली. मग बारीक वायरचा माग काढत तो डॅशबोर्डखाली वाकला... आणि तिथेच थांबला.

वायर तुटली नव्हती. कापली होती. दोन्ही टोकांना चिकटपट्टी, आणि पट्टीचा शेवट आत दुमडलेला. पुढे सोडवायला सोपं जावं म्हणून असं दुमडणारा घरात एकच माणूस होता.

"दादा, ही बाबांनी कापलीय."

"मेलेल्या माणसावर ढकलतोस? लाज कशी..."

"हात लावून बघ."

दादाने चाचपलं. बोटं त्या दुमडीवर बराच वेळ राहिली. "ते कशाला कापतील?" आवाज उतरला, पण धुसफूस गेली नव्हती. "जोड. मला बघायचंय."

धाकट्याने टोकं सोलून पिळली. केस जळल्यासारखा वास आला.

"लागला..." दादा पुटपुटला. "बॅटरी काढ."

"काढलेलीच आहे."

लाल दिवा खरंच लागला होता. दादा पापणी न हलवता त्याच्याकडे बघत होता. हनुवटीवर तांबूस उजेड.

"दादा, खाली उतर."

"तू कोण मला उतरवणारा?" इतक्या थंडपणे दादा कधी भांडला नव्हता.

धाकट्याने डॅशबोर्डच्या मागून हात घालून दिव्याचा बल्बच उपटला. तो तळहातावर गार पडून होता. दादाच्या हनुवटीवरचा उजेड विझला नाही... गालावर चढला. घाईघाईने पक्कड घेऊन धाकट्याने वायर कापली.

दादाने पापण्या मिटल्या, उघडल्या. "गेला. बंद झाला बघ." तो खाली उतरला. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. चल घरी. आईला मीच सांगतो."

या एका वाक्यासाठी धाकटा दोन वर्षं झुरला होता. पण त्याचा पाय उचलेना.

दादा शेडबाहेर भर उन्हात जाऊन उभा राहिला. तिथेही त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर तो लाल उजेड तसाच होता.

"येत नाहीस?" तो हसला. "बरं. मी एकटाच जातो आईकडे."