थांबलेलं पॅकेट

बेलापूरच्या हेड ऑफिसात राऊटर बसवला तेव्हा चारुलताने गोदामाच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या रमीजला त्या यंत्राच्या मेमरीची विभागणी शिकवली होती. एका भागात यंत्राची मांडणी कायमची जपलेली असते. दुसऱ्यात यंत्र आपलं काम करतं. तिसऱ्यात येणारे-जाणारे निरोप क्षणभर थांबतात. वीज गेली की हे शेवटचे दोन्ही भाग कोरे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कंपनीचं तुर्भ्याचं गोदाम जळालं, आत ड्युटीवर असलेला रमीजही गेला. चौकशीत ठरलं, तो झोपला होता, त्याने हेड ऑफिसला काहीच कळवलं नाही.

पावसाळा सरता सरता चारुलताला दिसलं, राऊटरच्या तिसऱ्या भागात एक पॅकेट, म्हणजे एका निरोपाचं पुडकं, अडकून पडलंय. पुढे जात नाही, पुसलंही जात नाही. तिने राऊटर बंद केला, प्लग काढून ठेवला, जेवून आल्यावर चालू केला. पॅकेट तिथेच.

पाठवणाऱ्याचा पत्ता रमीजच्या कॉम्प्युटरचा होता. त्या कॉम्प्युटरचा वितळलेला गोळा तिने स्वतः पाहिला होता.

तिने पॅकेट उघडलं. रोमन अक्षरांत मराठी होतं: ‘ताई, शटरला बाहेरून कुलूप हाय. तुमी कुनाला तरी पाठवा.’

चोऱ्या होतात म्हणून बाहेरून कुलूप घालायचा हुकूम मॅनेजर केयूर यांचा होता. तिने त्यांनाच बोलावून दाखवलं. त्यांनी सावकाश वाचलं, राऊटर उघडायला लावला, मेमरीची पट्टी स्वतःच्या हाताने उपटून खिशात टाकली आणि नवी बसवून घेतली.

“यंत्राला आठवण नसते, चारुलता,” ते म्हणाले. “आणि तुम्हाला नोकरी आहे.”

नवी पट्टी कोरी होती. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची शरमही वाटली.

चहाला खाली उतरली तर गेटपाशी रमीजची आई बसलेली. करिमुन्निसाबींना वर कुणी सोडत नसे. त्यांनी चारुलताचा हात धरला.

“बाय, त्यानं खरंच कुनाला काय कळवलं नाय?”

चारुलताने केयूर यांच्या खिडकीकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

म्हातारीने हात सोडला. चारुलता चहा न घेताच वर आली.

राऊटरच्या एसी खोलीत जळक्या वायरीचा वास होता.

नव्या पट्टीत एक पॅकेट थांबलं होतं.

तिने ते उघडलं.

‘ताई, तुमी अम्मीला नाय का सांगितलंत?’